बांध घातला, उघाडी राहिली

ऑग्डेन (युटा), अमेरिका

अमेरिकेतल्या रेल्वेबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. तिथे एकदा बांधलेलं बिघडत नाही, ही पहिली. आणि तिथली गाडी आपल्या लोकलसारखी, पण जास्त चकचकीत, माणसांना घेऊन धावत असते, ही दुसरी. ऑग्डेनच्या पश्चिमेला ग्रेट सॉल्ट लेक नावाचं खारं सरोवर आहे. त्याच्या पोटातून रेल्वेचा मार्ग जातो. या दोन्ही समजुती तपासून बघायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

अलिबागहून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, ‘तो सरोवरावरचा लांबलचक पूल बघितलास का?’ कुठल्या तरी जुन्या पुस्तकात त्यांनी चित्र पाहिलेलं असतं : चहूकडे पाणी, आणि मधून लाकडी खांबांवरून वाफेचं इंजिन चाललंय. तर सांगून टाकतो, तो पूल आता नाही. तिथे बांध आहे. दगडमातीचा, रुंद, वरून रूळ गेलेला बांध. त्या बांधाने सरोवराचे दोन तुकडे केले आहेत. खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणच्या खाडीकाठी बांधाआडच्या शेतांत, जन्मलेल्या माणसाला बांध म्हटल्यावर पुढचा प्रश्न शिकवावा लागत नाही. उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कुठे आहे?

पुलाची हकिकत थोडक्यात सांगतो. १८६९ साली पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ सरोवराच्या उत्तरेला प्रॉमॉन्टरी इथे जोडले गेले आणि अमेरिका रेल्वेने सलग झाली. पण तो रस्ता डोंगर चढून, वळणं घेत सरोवराला वळसा घालायचा. तीसेक वर्षांनी सदर्न पॅसिफिक कंपनी हॅरिमन या धनाढ्य रेल्वेमालकाच्या हाती आली. त्याचा मुख्य अभियंता विल्यम हूड याने सरळ पाण्यातून रेघ मारली. १९०२ साली काम सुरू झालं आणि १९०४ च्या मार्चमध्ये नियमित गाड्या धावू लागल्या. सरोवराच्या काठच्या उथळ भागात भराव, आणि मधे सुमारे १९ किलोमीटर लाकडी खांबांचा पूल. अडतीस हजारांवर खांब. अंतर सुमारे ७० किलोमीटरने वाचलं. पुलाच्या मध्यावर फलाटासारखा मंच काढून मिडलेक नावाचं ठाणं केलं होतं. तारमास्तर आणि रूळ राखणारे कामगार तिथे, पाण्यावर, राहत.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांची सारी नोकरी या मार्गावर गेली. त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल त्या पुलाच्या खांबाचं आहे. पूल बंद झाल्यावर १९९० नंतर त्याचं लाकूड उतरवून विकलं गेलं. मिठाच्या पाण्यात नव्वद वर्षं मुरलेल्या त्या लाकडाला कीड नाही, कुजणं नाही. त्या टेबलावर बसून त्यांनी मला बांधकामाच्या काळातली एक कथा सांगितली, ती इथल्या जुन्या लेखांतही सापडते. तळाचा चिखल काही ठिकाणी इतका मऊ होता, की पहिल्या घावातच अख्खा खांब गडप व्हायचा. भरावात मालगाडीमागून मालगाडी दगड ओतावा, तर सकाळी भराव पुन्हा पाण्याखाली. ते हे एखादा चमत्कार सांगावा तसं सांगत होते. मला त्यात नवल वाटलं नाही. धरमतर खाडीच्या काठावर ज्याने बाहेरकाठ्याची, म्हणजे खाडीकडच्या बांधाची, खांड बुजवताना पाहिलं आहे, त्याला खाजणातला चिखल दगड कसा गिळतो हे माहीत असतं. मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. दगड नुसता टाकत सुटायचं नाही. चिकण मातीची ढेकळं एकावर एक बसवायची, ओहोटीच्या वेळात काम करायचं, भरती चढायच्या आत तोंड बंद करायचं. आणि ज्या रात्री उधाण मोठं, त्या रात्री गावातल्या बाप्यांनी कंदील घेऊन काठ्यावर फिरायचं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘त्याचा पगार कोण देत असे?’ कोणी नाही, म्हटलं. ज्याचं शेत आत, तो काठ्यावर.

लाकडी पूल पन्नास वर्षांनी थकला. गाड्यांच्या वेगावर मर्यादा आल्या, दुरुस्तीचा खर्च वाढला. इथे मला या लोकांचा हेवा वाटतो. पूल पडेपर्यंत ते थांबले नाहीत. जुन्या पुलावरून गाड्या चालू ठेवून त्याच्या उत्तरेला, थोड्या अंतरावर, नवा भराव घातला आणि १९५९ साली वाहतूक त्यावर वळवली. आपल्याकडे महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. एसटीच्या गाड्या, आत बसलेली माणसं, अंधारात गेली. शेजारी दुसरा पूल होता, तरी हा म्हातारा पूल वाहता ठेवला होता. आणि मग त्याच्या जागी नवा पूल आपण १६५ दिवसांत उभा केला! जून २०१७ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. तेव्हा कृपा करून मला कोणी सांगू नये, की आपल्याला जमत नाही. जमतं. माणसं बुडाल्यावर १६५ दिवसांत जमतं, तर आधी का नाही, एवढंच मला कोणी तरी समजावून द्यावं.

पण इथल्यांनी भराव घालताना जे केलं, त्याचा मला राग येतो, आणि तो शेजाऱ्यांच्या टेबलावर बसूनही मी लपवला नाही. लाकडी पुलाच्या खांबांमधून पाणी हवं तसं इकडून तिकडे जात होतं. भरावाने ते अडलं. वीस किलोमीटरच्या त्या बांधाला दोन मोऱ्या ठेवल्या, प्रत्येकी पंधरा फूट रुंदीच्या. आता भूगोल बघा. या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्यांचं गोडं पाणी जवळजवळ सगळं बांधाच्या दक्षिणेला येतं. उत्तरेकडच्या पाण्याला ऊन आणि मीठ याखेरीज काही नाही. परिणाम असा, की उत्तरेचं पाणी मिठाने तुडुंब झालं, त्यात आणखी मीठ विरघळेना. तिथे फक्त मीठ सोसणारे सूक्ष्म जीव उरले आणि त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी-तांबडं झालं. दक्षिणेला निळसर-हिरवं पाणी, उत्तरेला तांबडं. विमानातून पाहणाऱ्याला वाटतं, कुणी पट्टी ठेवून रंग भरला आहे. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मला ते बघून पेणच्या आणि उरणच्या मिठागरांतलं शेवटच्या कोंडीतलं पाणी आठवलं, मीठ धरायच्या आधी लालसर होणारं. आगरातल्या माणसाने ते पाणी मुद्दाम, कोंडीकोंडीने, मिठासाठी केलेलं असतं. इथे आगगाडी सरळ जावी म्हणून अर्ध्या सरोवराचं आगर झालं, आणि ते कोणी मागितलेलं नव्हतं.

उघाडी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. खारबांधाला ठरावीक जागी दार ठेवतात. त्याला बाहेरच्या अंगाला लाकडी झडप असते. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना चौकीदार. कुठे किती उघाड्या हव्यात हे गाव पाण्याच्या चालीवरून ठरवायचं. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. ज्याने बांध घालून खार उठवली, ती राखायची जबाबदारी त्याची. म्हणजे हे ज्ञान इंग्रजांच्या आधीचं. आणि एकजुटीबद्दल बोलायचं तर याच खारेपाटातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा संप केला. सहा वर्षं जमीन न कसता एकत्र राहणारी माणसं. काठ्यावर रात्रभर उभं राहणं त्यांना जड नव्हतं.

अमेरिकेला मात्र उघाडीचं महत्त्व कळायला पंचवीस वर्षं आणि एक महापूर लागला. १९८३ च्या सुमारास ओळीने भरपूर बर्फ पडला, नद्या फुगल्या, दक्षिणेचं पाणी चढत गेलं. बांधामुळे ते उत्तरेला पुरेसं जाईना. दोन्ही अंगांच्या पातळीत तीन फुटांहून जास्त फरक पडला. शेवटी १९८४ च्या ऑगस्टमध्ये बांधाच्या पश्चिम टोकाशी तीनशे फूट रुंदीचं तोंड मुद्दाम फोडून त्यावर पूल टाकला. आपल्याकडे खांड पडते, इथे सरकारने पाडली. तरी पाणी चढतच राहिलं. मग सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून वाळवंटात पाणी उपसून टाकायला तीन अजस्र पंप बसवले. ते १९८७ मध्ये सुरू झाले आणि दोनेक वर्षांत बंद झाले, कारण तोवर सरोवर आपणहून उतरू लागलं होतं. शेजारी म्हणाले, ‘आमच्याकडे पैसा होता, म्हणून आम्ही पंप आणले.’ मी म्हटलं, आमच्याकडे तो नव्हता, म्हणून आमच्या पणजोबांनी ओहोटीला कामाला लावलं.

पुढची गोष्ट दुष्काळाची. वरच्या शेतांनी आणि शहरांनी नद्यांचं पाणी उचललं, पाऊस-बर्फ कमी झालं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात दक्षिणेची पातळी आजवरच्या नोंदीतली सर्वांत खाली गेली. १९८०च्या दशकातल्या उच्चांकापेक्षा सुमारे तेवीस फूट खाली. दरम्यान जुन्या मोऱ्या भरावात खचून निकामी झाल्या होत्या. त्या बुजवून २०१६ च्या डिसेंबरात १८० फुटांचं नवं तोंड काढलं होतं. आता भीती उलटी झाली. दक्षिणेचं पाणी आटून फार खारट झालं तर त्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, आर्टेमिया, मरतील. लाखो पक्षी त्यांच्यावर आणि खाऱ्या माश्यांवर जगतात. आणि आपला संबंध असा, की कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना पहिला घास म्हणून हाच आर्टेमिया देतात, आणि जगाला लागणाऱ्या त्याच्या अंड्यांचा फार मोठा वाटा या सरोवरातून जातो. आपल्या किनाऱ्यावर शेततळ्यात कोळंबी धरणाऱ्याने युटाचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याच्या पिकाची सुरुवात इथे झालेली असू शकते. म्हणून २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या सुरुवातीला, राज्याने त्या तोंडाशी पाण्याखालचा दगडी उंबरा काही फुटांनी उंच केला. उत्तरेचं जड मिठाळ पाणी तळाने दक्षिणेत शिरत होतं, ते अडलं. पुढच्या वसंतात बर्फ वितळून पाणी आलं आणि दक्षिण वाचली. उत्तरेने मात्र किंमत मोजली.

थोडक्यात, ज्या बांधाने सरोवराचं वाटोळं केलं, त्याचीच चौसष्ट वर्षांनी त्यांनी उघाडी केली. पाऊस पडतो तेव्हा खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली, हे जाळं टाकणारा कोणताही कोळी सांगेल. इथे ते मोजायला यंत्रं लावली आहेत.

आणि खरा हेवा मला त्या यंत्रांचाच आहे. सरोवराच्या दोन्ही अंगांची पातळी भूसर्वेक्षण खातं रोज जाहीर करतं. शाळेतलं पोरसुद्धा फोनवर बघू शकतं. उंबरा किती उंच करायचा यावर इथे जाहीर सभा झाल्या, मीठ काढणाऱ्या कंपन्या आल्या, आर्टेमिया धरणारे आले, पक्षीवाले आले. भांडले. निर्णय सगळ्यांना पटला असं नाही, पण कुठल्या आकड्यावरून झाला हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरच्या खारीत काही वर्षांपूर्वी उधाणाचं पाणी शिरलं. तेव्हा काठा कोणाच्या यादीत आहे हे शोधण्यात एक पावसाळा गेला. या कचेरीतून त्या कचेरीत. खार जमिनींसाठी कायदा १९४८ साली झाला, पुढे १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा आला. काठे सरकारी झाले हे चांगलंच झालं असं तेव्हा वाटलं असणार, कारण गरीब गावांना तो भार खरोखर जड होता. पण गावाचा हात काठ्यावरून निघाला, आणि त्याच्या जागी दुसरा हात वेळेवर आला नाही. एका उधाणात शिरलेलं खारं पाणी तीन-चार पिकं खातं. भाताच्या जागी तिवरं उगवतात, आणि एकदा ती उगवली की त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं. मग शेत शेतकऱ्याचं, जंगल सरकारचं, आणि खांड कोणाचीच नाही.

पाण्याची वाट अडवायची चूक फक्त युटाने केली असं समजू नका. उरणच्या बाजूला बंदरासाठी भराव पडले, खाडीतलं भरतीचं येणं-जाणं बदललं, मासे गेले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हजाराहून अधिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायचा आदेश दिला. भरपाई मिळणं हा त्यांचा हक्क. पण भराव आखताना खाडीत चाळीस वर्षं होडी घातलेल्या एका माणसाला टेबलाशी बसवलं असतं, तर पाणी कुठून जातं हे त्याने फुकट सांगितलं असतं. आणि खांबांवरून रेल्वे नेता येते, पाण्याला धक्का न लावता, हे आपल्याच देशात झालं आहे. केरळात वेंबनाड सरोवरावरून वल्लारपाडमच्या बंदराकडे जाणारा ४.६२ किलोमीटरचा रेल्वेपूल २०११ पासून उभा आहे. खालून पाणी आणि होड्या दोन्ही जातात.

आता दुसरी समजूत, माणसांच्या गाडीची. ऑग्डेनहून या सरोवरावरून आज एकही प्रवासी गाडी जात नाही. फक्त मालगाड्या, युनियन पॅसिफिकच्या, डब्यावर डबा चढवलेल्या, संपता न संपणाऱ्या. बांध कंपनीच्या मालकीचा, त्यावर जायला तुम्हाआम्हाला बंदी. हे ऐकून अलिबागचे तात्या फोनवर म्हणाले, ‘म्हणजे आमच्या थळसारखंच की!’ अगदी तसंच. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, कारखाना १९८० च्या दशकापासून चालू आहे, मालगाडी आमच्या शेतांच्या कडेने शिट्टी मारत जाते. जिल्ह्याच्या ठिकाणाला, अलिबागला, मात्र प्रवासी गाडी नाही. कोकण रेल्वेची सुरुवात रायगडातल्या रोह्यापासून होते आणि १९९८ पासून ती थेट मंगळूरकडे जाते. डोंगर फोडले, दऱ्या ओलांडल्या. पण पेणहून अलिबागला सपाट जमिनीवरून माणूस नेणं राहून गेलं.

१२ जानेवारी २०२४ ला मुंबईहून आमच्या बाजूला येणारा अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे साडेसोळा पाण्यावर. मी इथून सगळा समारंभ पाहिला आणि माझी मान ताठ झाली, हे लिहायला मला संकोच नाही. हूडच्या लाकडी पुलाहून हे काम किती तरी अवघड. पण त्यावर रूळ नाहीत. स्वतःची गाडी असेल त्याने टोल भरून समुद्र ओलांडावा. दूधवाला, मासे घेऊन जाणारी कोळीण, कॉलेजचा पोरगा यांनी काय करायचं? त्याच दिवशी उरणला लोकल पोचली, ही त्या दिवसाची माझ्या लेखी मोठी बातमी होती, आणि ती आतल्या पानावर गेली. करंजा ते रेवस म्हणजे पलीकडचा काठ दिसेल एवढं अंतर. तिथल्या पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून आम्ही ऐकतो आहोत. आता काम सुरू झालं आहे, आनंद आहे. तोही रस्त्याचाच पूल आहे. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद झाली की अजून वडखळचा वळसा आहेच.

युटातल्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना वाटतं, मी त्यांचं कौतुक करतोय. पूर्ण कौतुक नाही. त्यांनी पाण्यात बांध घातला आणि त्या पाण्याला काय हवं हे पंचवीस वर्षं विचारलं नाही. आमच्याकडे पाण्याला काय हवं हे जाणणारी माणसं गावोगाव होती, आणि त्यांना आता कोणी विचारत नाही.

म्हणून शहापूर, धेरंड, वाशी, वढाव, आणि खारेपाटातल्या इतर गावांच्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावच्या बाहेरकाठ्याला उघाड्या किती होत्या, कुठे होत्या, त्यांची नावं काय, कुठली बुजली, कुठली मोडली, कुठल्या उधाणात कुठे खांड गेली, हे घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारून कागदावर उतरवा. जमलं तर हाताने नकाशा काढा. तारखा नेमक्या नसल्या तरी चालतील, ‘अमक्याच्या लग्नाच्या वर्षी’ असं लिहिलं तरी चालेल. तो कागद ग्रामपंचायतीत एक द्या आणि एक मला पाठवा. इथल्या विद्यापीठात सरोवराच्या बांधाचा अभ्यास करणारे लोक आहेत. ते मला झडपेचं माप विचारत आहेत, आणि मला फक्त आमच्या गावच्या एका उघाडीचं सांगता येतं.